कान-नाक-घशाची जागतिक संघटना वर्षभर करते तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्याच्या भिंतीवर ३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनाचे पोस्टर लागले की पेशंट विचारतात, "डॉक्टर, हे असले दिवस ठरवतं कोण?" रेसिडेंट मुलांचा प्रश्न निराळा असतो: "सर, आयफोसला जायला खर्च किती येतो?" आणि घरचे विचारतात की सगळ्या जगाचे डॉक्टर एकत्र जमून नेमके काय करतात, जेवतात का नुसते? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. जिल्ह्याच्या गावात कान-नाक-घसा बघणाऱ्या एका डॉक्टरने दिलेली ही उत्तरे आहेत. संघटनेचे हे अधिकृत म्हणणे नव्हे.

आयफोस म्हणजे काय?

इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ ओटो-ऱ्हायनो-लॅरिंगॉलॉजिकल सोसायटीज. नाव उच्चारतानाच घसा धरतो, म्हणून सगळे आयफोस म्हणतात. ओटो म्हणजे कान, ऱ्हायनो म्हणजे नाक, लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र. तिन्ही शब्द ग्रीकमधून आलेले. टोकियोच्या जागतिक परिषदेत १९६५ साली ही संघटना स्थापन झाली.

ही डॉक्टरांची संघटना नाही, डॉक्टरांच्या संघटनांची संघटना आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. साखर कारखान्यांचा राज्य संघ आठवा. त्याचा सभासद कारखाना असतो, ऊस घालणारा शेतकरी थेट सभासद नसतो. तसेच इथे सभासद म्हणजे देशोदेशीचे राष्ट्रीय संघ, शंभराहून जास्त. त्यामुळे आयफोस कुणावर ऑपरेशन करत नाही, कुणाला परवाना देत नाही आणि कुणाचा काढूनही घेत नाही. तुमच्या डॉक्टरविषयी तक्रार असेल तर ती राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे करायची.

मी एमएस ईएनटी आहे. मला सभासद व्हायचे तर?

वेगळे काही करावे लागत नाही. आपल्याकडची राष्ट्रीय संघटना म्हणजे असोसिएशन ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया, बोलीभाषेत एओआय. तिची वर्गणी भरा, पुढचे ती बघते.

१९६५ च्या आधी काहीच नव्हते का?

होते, आणि त्याची हकीकत जास्त रंगतदार आहे. सुरुवातीला कान आणि घसा हे दोन सवते सुभे होते. कान बघणारे मुख्यतः शस्त्रक्रियेच्या अंगाने आलेले, घसा बघणारे औषधांच्या. घशाच्या बाजूला तर एका गवयाचा मोठा हात आहे. मॅन्युएल गार्सिया हा गाण्याचा शिक्षक. १८५४ मध्ये पॅरिसला असताना त्याने दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा आपल्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. डॉक्टर नसलेल्या माणसाने डॉक्टरांना दिलेली ही देणगी. गार्सिया पुढे शंभरी ओलांडून गेला. गाणाऱ्या पेशंटना मी ही गोष्ट हटकून सांगतो, त्यांना बरे वाटते.

व्हिएन्नात घशाचा विभाग १८७० चा आणि कानाचा १८७३ चा, म्हणजे एकाच शहरात दोन दारे. परिषदाही वेगळ्या. कानवाल्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८७६ ला न्यूयॉर्कमध्ये भरली आणि घशावाल्यांची १८८० ला मिलानमध्ये. कान, नाक आणि घसा एका मांडवाखाली आले ते १९२८ मध्ये, कोपनहेगनला. मग १९३२ ला माद्रिद, १९३६ ला बर्लिन, आणि त्यानंतर थेट १९४९ चे लंडन. मधली तेरा वर्षे कुणी खाल्ली ते सांगायला नको.

पहिल्या महायुद्धाची जखमही या लोकांत खोल होती. काल एकमेकांविरुद्धच्या छावण्यांत असलेले प्राध्यापक एकमेकांशी बोलेनात. म्हणून १९२६ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला एक छोटे मंडळ निघाले, कोलेजियम ओटो-ऱ्हायनो-लॅरिंगोलॉजिकम अमिसिटिए साक्रुम. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ 'मैत्रीला वाहिलेले'. ते आजही चालते. त्याच युद्धात रॉबर्ट बारानी रशियनांच्या कैदेत असताना त्याला कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या कामासाठी १९१४ चे नोबेल जाहीर झाले. सुटका व्हायला १९१६ उजाडले. चक्कर या एकाच तक्रारीचा अभ्यास करणारी बारानी सोसायटी त्याच्याच नावाची.

वर्षाची सुरुवात कशाने होते?

पत्रांनी. वर्गणीची पत्रे, कार्यकारिणीच्या बैठकीचे इतिवृत्त, कुठल्या देशाच्या संघात अध्यक्ष बदलला त्याची नोंद. यात कुणाला रस नसतो, पण असल्या कुठल्याही संघटनेचे निम्मे वर्ष यातच जाते आणि ते काम करणारे सरचिटणीस, खजिनदार हे बहुधा कुठल्या तरी विद्यापीठातले नोकरी करणारे सर्जन असतात. ओपीडी आटोपून रात्री ईमेल.

आपल्याकडे याच सुमारास एओआयचे वार्षिक अधिवेशन असते, एओआयकॉन. बहुतेक रेसिडेंट आयुष्यातला पहिला पेपर तिथे वाचतात आणि वेळ संपल्याची घंटा वाजली की शेवटच्या चार स्लाइड एका दमात पळवतात.

३ मार्चच का?

कारण ३ हा आकडा कानासारखा दिसतो आणि तिसऱ्या महिन्याची तीन तारीख म्हणजे दोन कान. चीनमध्ये हा दिवस २००० पासून पाळत आले आहेत. २००७ मध्ये बीजिंगला बहिरेपणाच्या प्रतिबंधावर परिषद झाली, तिथून तो जगभर गेला आणि २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना त्याला जागतिक श्रवण दिन म्हणते. देवनागरी ३ तर इंग्रजी आकड्याहून जास्त कानासारखा दिसतो, खालच्या शेपटीसकट. पोस्टर करणाऱ्यांच्या हे अजून लक्षात आलेले दिसत नाही.

गंमत बाजूला. या दिवशी जागतिक आरोग्य संघटना एक विषय देते आणि आयफोससारख्या, तिच्याशी अधिकृत संबंध असलेल्या संस्था तो आपापल्या देशांत नेतात. २०२१ च्या ३ मार्चला श्रवणावरचा पहिला जागतिक अहवाल आला. त्यातले दोन-तीन आकडे मला पाठ आहेत. आज ४३ कोटी लोकांचा बहिरेपणा असा आहे की त्यावर उपचार किंवा पुनर्वसन लागते. २०५० पर्यंत चारातल्या एकाला कमी-अधिक ऐकू कमी येईल. आणि लहान मुलांतला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्याजोग्या कारणांचा आहे, म्हणजे गोवर, रुबेला, मेंदूज्वर, वाहता कान, प्रसूतीतली गुंतागुंत. यातला वाहता कान माझ्या ओपीडीत रोज येतो. "लहानपणापासून आहे, काही होत नाही त्याने" हे वाक्यही रोज येते.

त्याआधी २०१७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने बहिरेपणावर ठराव केला होता. सरकारी ठरावाने कुणाचा कान बरा होत नाही हे कबूल, पण आरोग्य खात्यात बजेट मागायला जाणाऱ्याच्या हातात कागद लागतो. असे कागद तयार व्हावेत म्हणून पाठपुरावा करणे हे या संघटनांचे सर्वांत कंटाळवाणे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचे काम आहे.

१६ एप्रिलला काय असते?

जागतिक आवाज दिन. ही कल्पना ब्राझीलमधल्या घशाच्या डॉक्टरांची, १९९९ ची. तिथून ती इतर देशांत पसरली. आपल्याकडे हा दिवस शाळांच्या परीक्षांच्या धामधुमीत येतो, तेव्हा ज्यांच्यासाठी तो आहे ते शिक्षकच येऊ शकत नाहीत! शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाले, एसटीचे कंडक्टर, सगळे आवाजावर पोट भरणारे लोक. त्यांना एवढेच सांगणे: आवाज बसून तीन-चार आठवडे झाले आणि उघडत नसेल तर हळद-दूध पुरे, स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्या. तंबाखू-सिगारेट असेल तर इतकेही थांबू नका.

आणि २७ जुलै?

डोके आणि मान यांच्या कर्करोगाचा जागतिक दिवस. तो आयफोसचा नाही. या कर्करोगांवर काम करणाऱ्या संघटनांचा वेगळा जागतिक महासंघ आहे, त्याने २०१४ मध्ये न्यूयॉर्कला हा दिवस जाहीर केला. पण कामाचा माणूस एकच असल्यामुळे सगळे मिळून पाळतात.

आपल्या मुलखात हा दिवस बाहेरून आलेला वाटत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट परळच्या टाटा रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यातून येतात. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली. बंदी कागदावर आहे आणि पुडी टपरीवर, हे मी सांगायला हवे असे नाही. तोंड पूर्वीइतके उघडत नाही, तिखट झोंबते, अशी तक्रार घेऊन विशी-पंचविशीतली मुले येतात तेव्हा बंदीचे वय आणि त्यांच्या व्यसनाचे वय मनातल्या मनात ताडून बघतो.

मोठी परिषद दरवर्षी असते का?

नाही. पद्धत चार वर्षांची. टोकियोनंतर मेक्सिको सिटी, व्हेनिस, ब्युनोस आयर्स, बुडापेस्ट, मायामी, पुन्हा माद्रिद, इस्तंबूल, सिडनी, मग २००२ मध्ये कैरो, २००५ ला रोम, २००९ ला साओ पावलो, २०१३ ला सोल आणि २०१७ ला पॅरिस. २०२१ ची परिषद कॅनडात व्हँकुव्हरला ठरली होती. कोविडने ती गिळली, आणि अखेर लोक जमले ते जानेवारी २०२३ मध्ये दुबईला.

या यादीत भारत कुठे आहे?

नाही. डॉक्टरांची संख्या पाहता हे खटकते. यजमानपद मागावे लागते, सभागृहे, हॉटेले, व्हिसा, पैशांची हमी यांचा प्रस्ताव द्यावा लागतो आणि मग सभासद देश मत देतात.

त्या परिषदेत नेमके होते काय?

सकाळी आठला एकाच वेळी दहा-पंधरा सभागृहांत बोलणे सुरू होते. एकात कानाच्या पडद्याचे ऑपरेशन दुर्बिणीतून करावे की मायक्रोस्कोपखाली यावर वाद. दुसऱ्यात घोरणे. तिसऱ्यात जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानात ऑपरेशनने बसवायचे श्रवणयंत्र, कितव्या महिन्यात. जाणकाराला बोलावून दिलेले व्याख्यान लांब, नवख्याचा पेपर सहा-सात मिनिटांचा. ज्यांचा पेपर निवडला जात नाही त्यांचे पोस्टर, आणि पोस्टर आजकाल कागदाचे नसते, स्क्रीनवर असते, म्हणजे तुम्ही बोट लावून शोधल्याशिवाय ते कुणाला दिसतच नाही. रेसिडेंटांनी याचे दुःख करू नये. माझ्या माहितीतल्या चांगल्या ओळखी पोस्टरपुढेच झाल्या, कारण तिथे येणारा माणूस खरोखर त्या विषयाचा वेडा असतो.

एका बाजूला हाडावरचे प्रशिक्षण चालते. कानामागचे हाड, टेम्पोरल बोन, त्यात ड्रिल चालवायला शिकणे. त्या हाडातून चेहऱ्याची नस जाते. ती कुठे वळते हे पुस्तकात कळत नाही, हाताला कळावे लागते.

खालच्या मजल्यावर कंपन्यांचा बाजार असतो. दुर्बिणी, ड्रिल, इम्प्लांट, श्रवणयंत्रे, फुकट पिशव्या आणि बरी कॉफी. आणि एका दुपारी, फारशी गर्दी नसलेल्या खोलीत, संघटनेची सर्वसाधारण सभा भरते. हिशेब मंजूर करणे, पदाधिकारी निवडणे, पुढचे गाव ठरवणे. आयफोस म्हणजे खरे तर ती खोली. बाकी सगळी जत्रा.

खर्च कोण करतो? औषध कंपन्या?

संघटनेचा खर्च सदस्य संघांच्या वर्गणीतून आणि परिषदेच्या शिलकीतून. परिषदेत प्रदर्शनाच्या गाळ्यांचे भाडे मोठे असते, म्हणजे कंपन्यांचा पैसा येतोच, हे लपवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरचा खर्च मात्र डॉक्टरने करायचा. प्रवास, हॉटेल, परिषदेचे शुल्क यांसाठी कंपनीचा पैसा घेऊ नये असा नियम मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २००९ मध्ये घातला. औषध कंपन्यांसाठीची २०२४ ची आचारसंहिताही हेच सांगते, व्याख्याता म्हणून बोलावलेल्याचा अपवाद सोडून. तेव्हा रेसिडेंटांनो, स्टायपेंडमधून साठवा, तरुणांसाठी शुल्क कमी असते ते लवकर भरा, विद्यापीठाकडे प्रवास अनुदान मागा. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलला पाच वर्षांत लागणारे ३० क्रेडिट पॉइंट जवळच्या सीएमईमध्येही, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणी वर्गातही, मिळतात. त्यासाठी विमान लागत नाही.

या सगळ्याचा पेशंटला काय उपयोग?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. उत्तर एका शब्दात: नावे.

पलंगावर कूस बदलली की घर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. आपल्याकडे त्याला मानेचा मणका म्हणतात, बीपी म्हणतात, पित्त म्हणतात आणि गळ्यात पट्टा बांधतात. बहुतेकदा तो कानातल्या तोलाच्या कणांचा, म्हणजे बीपीपीव्हीचा प्रकार असतो आणि डोके ठरावीक क्रमाने वळवून तिथल्या तिथे बरा होऊ शकतो. पण बीपीपीव्ही कशाला म्हणायचे, यावर सगळ्या देशांचे एकमत असल्याशिवाय एका देशातला उपचार दुसऱ्याला तपासता येत नाही. बारानी सोसायटीने २०१५ मध्ये ती व्याख्या पक्की केली. त्याच वर्षी मेनिएरच्या आजाराची, म्हणजे चक्कर येऊन कानात आवाज होणाऱ्या आणि ऐकू कमी येणाऱ्या आजाराची, व्याख्या युरोप, अमेरिका, जपान, कोरियातल्या संघटनांनी तिच्याबरोबर बसून ठरवली. हाड खाणाऱ्या वाहत्या कानाच्या, म्हणजे कोलेस्टिअटोमाच्या पायऱ्या २०१७ मध्ये युरोपी आणि जपानी संघटनांनी मिळून ठरवल्या. त्यामुळे आता माझ्या केस पेपरवरचे 'स्टेज दोन' ओसाकातल्या डॉक्टरलाही तेच सांगते.

दुसरे उदाहरण अजून ताजे आहे. मार्च २०२० मध्ये देशोदेशीच्या नाकाच्या डॉक्टरांना एकच गोष्ट दिसू लागली: सर्दी नाही, ताप नाही, पण वास गेला. ब्रिटनमधल्या ईएनटी यूके या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष निर्मल कुमार आणि ऱ्हायनॉलॉजी सोसायटीच्या अध्यक्ष क्लेअर हॉपकिन्स यांनी त्याच महिन्यात निवेदन काढले की वास जाणे हे कोविडचे लक्षण असू शकते, अशांना वेगळे ठेवा. ब्रिटिश सरकारने ते लक्षण यादीत घातले मे महिन्यात, भारताने जूनमध्ये. डॉक्टरांचे आपसातले दळणवळण सरकारांपेक्षा दोन-तीन महिने पुढे होते.

मग २०२१ चा उन्हाळा आला आणि शिकवण्याची पाळी आपली होती. म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी काळी बुरशी. आधी वर्षाकाठी तुरळक दिसणारा आजार महाराष्ट्रात वॉर्ड भरून दिसू लागला. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात. त्यावरचे औषध अँफोटेरिसिन मिळवायला नातेवाईक रात्ररात्र फिरत होते. त्या काळात पाश्चात्त्य सर्जन आपल्या लोकांना विचारत होते: किती हाड काढायचे, डोळा कधी वाचवायचा, कधी नाही. असे ज्ञान कुणी हौसेने मिळवत नाही.

गरीब देशांत संघटना शिबिरे भरवते का?

शिबिर हा तिचा मुख्य उद्योग नाही, आणि मला ते बरोबर वाटते. कमी उत्पन्नाच्या ७८ टक्के देशांत दहा लाख लोकांमागे एकही कान-नाक-घसा तज्ज्ञ पुरता नाही. तिथे परदेशी सर्जन आठवडाभर येऊन पन्नास कान शिवून गेला तर टाके बघायला मागे कोण? म्हणून जोर प्रशिक्षणावर. जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक पातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी कानाची पुस्तिका आहे. नर्सने कान कसा बघायचा, कान कसा कोरडा करायचा, कधी पुढे पाठवायचे.

आपल्याकडे सरकारी पातळीवर काय आहे?

थोडक्यात: बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला, त्यात मुलांचे ऐकणे तपासतात. वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. कॉक्लिअर इम्प्लांट देशात रुजवणाऱ्यांपैकी मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

गणपतीत डीजेविरुद्ध संघटना काही बोलते का?

थेट नाही. पण मोजपट्टी जागतिक पातळीवरूनच येते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचे २०१९ चे मानक सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. ९० ला चार तास. १०० ला वीस मिनिटे, तीही आठवड्यातून. भिंतीसारखे रचलेले स्पीकर आणि त्यापुढे खांद्यावर बसवलेले दोन वर्षांचे मूल हे दृश्य या हिशेबात कुठे बसते ते बघा. आपला कायदा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतो. ढोल पथकातल्या मुलांनी तरी कानात बोळे घालावेत. कापसाचे नव्हे, फोमचे. ताल बिघडत नाही.

वर्षात शांत महिना कुठला?

ऑगस्ट. अर्धा युरोप सुट्टीवर, ईमेलला उत्तर नाही. सप्टेंबरपासून पुन्हा बैठका.

माझ्या मुलीचा कान दोन वर्षे वाहतो आहे. आयफोसला लिहू का?

नको. उत्तर येईल तेही "जवळच्या तज्ज्ञाला दाखवा" असेच येईल. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाची ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारून घ्या आणि जा. जाईपर्यंत अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका. गरम तेल, लसणाचा रस, शेजारणीने दिलेले थेंब, यातले काहीही घालू नका. आणि जुने कागद असतील तर ते बरोबर न्या, फाटलेले असले तरी.